नर्सरी टाकीत जिरे किती सोडायचे? तीन टाक्या, तीन आकडे आणि माझा गोंधळ

खवलेकर
मंडळी, तीन वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. माझ्याकडे सिमेंटच्या तीन टाक्या आहेत, प्रत्येकी २० चौरस मीटर, पाणी मीटरभर. रोहूचे जिरे (अंड्यांतून नुकतीच निघालेली बारीक पिल्लं) आणले आणि म्हटलं यावेळी अंदाजपंचे नको, दाट सोडले तर काय होतं आणि विरळ सोडले तर काय होतं ते एकदा बघूनच टाकू. पहिल्या टाकीत १०,००० सोडले म्हणजे चौ.मी.ला ५००, दुसरीत २०,००० आणि तिसरीत ४०,०००. पाणी एकाच विहिरीचं, शेण आणि सुपर फॉस्फेट सगळीकडे सारखं, खाद्य सारखं, माणूस पण एकच. १८ दिवसांनी पाणी उतरवलं आणि मोजले ते असे:

पहिली टाकी ५,२०० जगले, सरासरी लांबी २७ मिमी.
दुसरी ९,००० जगले, २३ मिमी.
तिसरी १४,००० जगले, १९ मिमी.

टक्क्यात बघितलं तर ५२, ४५ आणि ३५, म्हणजे दाट तितके मेले हे खरं. पण नगात बघा ना, तिसरी टाकी पहिलीच्या जवळजवळ तिप्पट! मग सगळे जण दाट सोडू नका दाट सोडू नका म्हणून जे कानीकपाळी ओरडतात ते का? मला तर दाट टाकीच फायद्याची दिसतेय. काय चुकतंय माझं?

तळ्याकाठी
धागा चांगला आहे, आकडे देऊन विचारणारे इथे कमीच.
आधी एक सांगतो, तुमची तिसरी टाकी काही आगाऊपणा नाहीये. मातीच्या नर्सरी तळ्यात रोहूसारख्या कार्प माशांचे जिरे हेक्टरी ३० ते ५० लाख सोडतात म्हणजे चौ.मी.ला ३०० ते ५००, आणि सिमेंटच्या टाकीत हेक्टरी १ ते २ कोटी, म्हणजे चौ.मी.ला १,००० ते २,०००. तुम्ही वरच्या टोकाला आहात इतकंच. मातीच्या तळ्यात ३० ते ५० टक्के जगणूक नेहमीचीच, त्यामुळे ३५ टक्के ऐकून रडू नका.
पण नग मोजून खूश होऊ नका. १९ मिमीचं पिल्लू पुढच्या तळ्यात सोडलं की पाणकिडे, बेडूक, बगळे सगळ्यांच्या तोंडात मावतं, २७ मिमीचं जरा तरी पळतं. आज मोजलेले १४,००० अजून तीन महिन्यांनी किती उरतात त्यावर हिशोब करा.

निवांत_मासा
एवढं डोकं कशाला लावायचं? मी चौ.मी.ला १०० सोडतो, ना झंझट ना हिशोब. मोठे होतात, मरत नाहीत.

तळ्याकाठी
@निवांत_मासा, दादा तुमचं बरं आहे, टाकी मोठी आणि गरज छोटी. पण फार विरळ हा पण काही फुकटचा सुखाचा मार्ग नाही. खायला कोणी नसलं की प्राणीप्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक जीव, जिऱ्यांचं खाणं) वाढून मोठमोठे होतात, जिऱ्यांच्या तोंडात मावेनासे होतात, आणि सायक्लॉप्ससारखे काही तर उलट जिऱ्यांनाच चावतात. त्यात नोटोनेक्टा, म्हणजे तो उलटा पोहणारा पाणकिडा, शिरला तर १०० मधले किती उरतील सांगा. साबण-तेलाचं मिश्रण फवारलं होतं का कधी? की देवावर हवाला?

निवांत_मासा
फवारलं नव्हतं. आता फवारतो. :)

त्रैराशिक
खवलेकर, "खाद्य सारखं" म्हणजे नक्की काय सारखं? नगाला सारखं की टाकीला सारखं?

खवलेकर
टाकीला. शेंगदाणा पेंड आणि कोंडा निम्मंनिम्मं, रोज प्रत्येक टाकीला ११० ग्रॅम पहिले ५ दिवस, नंतर २२० ग्रॅम. दुसऱ्या टाकीच्या हिशोबाने काढलेलं, म्हटलं तुलना करायची तर सगळीकडे एकच माप पाहिजे.

त्रैराशिक
हं. मला वाटलंच. आता गंमत बघा.
तुम्ही वजन केलं नाहीये पण लांबीवरून अंदाज काढता येतो. सेंटीमीटरमधल्या लांबीचा घन केला आणि १०० नी भागलं की साधारण ग्रॅममधे वजन येतं, माशाच्या अंगलटीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. २७ मिमी म्हणजे ०.२० ग्रॅमच्या आसपास, २३ म्हणजे ०.१२ आणि १९ म्हणजे ०.०७. आता गुणा.
पहिली टाकी: ५,२०० गुणिले ०.२० म्हणजे १ किलोच्या थोडं वर.
दुसरी: ९,००० गुणिले ०.१२ म्हणजे १ किलो ८० ग्रॅम.
तिसरी: १४,००० गुणिले ०.०७ म्हणजे ९८० ग्रॅम.
तिन्ही टाक्यांतून मासळी एकच किलो निघाली! तुम्ही तीन टाक्यांत तेवढंच अन्न टाकलंत, तिन्ही टाक्यांनी तेवढंच मांस दिलं, फक्त एका टाकीत ते ५ हजार जणांत वाटलं गेलं आणि दुसरीत १४ हजारांत. तुम्ही दाटी तपासलीच नाहीत हो, उपासमार तपासलीत.

खवलेकर
आईशपथ. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सूक्ष्मदर्शक
त्रैराशिक यांना +१. पण नुसतं पेंड-कोंड्याकडे पाहू नका. पहिले काही दिवस जिरे तुमचा कोंडा फारसा खातच नाहीत, त्यांना हवं असतं जिवंत प्राणीप्लवंग, आधी रोटिफर आणि मग मोइनासारखे जरा मोठे. खत सगळीकडे सारखं म्हणजे प्लवंगाचं ताट पण तिन्हीकडे सारखंच, फक्त तिसऱ्या पंगतीत चौपट माणसं. ५० लिटर पाणी प्लवंगजाळीतून गाळलं आणि नळीत खाली १ ते २ मिली गाळ बसला की जिरे सोडायला पाणी तयार असं समजतात. तुम्ही सोडायच्या दिवशी मोजलं होतं का? आणि त्याहून महत्त्वाचं, सोडल्यानंतर तिसऱ्या दिवशी परत मोजलं होतं का? माझा अनुभव असा की दाट टाकीत पहिल्या दिवशीचे २ मिली तीन दिवसांत कुठे गायब होतात कळत पण नाही, पाणी वरून हिरवंच दिसतं म्हणून माणूस निर्धास्त असतो, पण ते हिरवं म्हणजे शेवाळ, जिऱ्यांना ज्याची भूक आहे ते त्यातनं केव्हाच संपलेलं असतं.

खवलेकर
सोडायच्या दिवशी मोजलं, दीड मिलीच्या आसपास होतं तिन्हीकडे. नंतर नाही मोजलं. पाणी हिरवं होतं म्हणून निर्धास्त होतो, अगदी तुम्ही म्हणता तसाच.

बोटुकली
खवलेकर दादा, तुम्ही सरासरी लांबी दिलीत पण लहानमोठे किती होते? तिसऱ्या टाकीतले काही शिल्लक असतील तर एकेक करून मोजा ना. सरासरी फार गोड बोलते.

खवलेकर (दुसऱ्या दिवशी)
बोटुकली ताई, हाप्यात (पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत) ठेवले होते दोन्ही टाक्यांतले थोडे थोडे, आज ६०-६० मोजले. आलेख कागद प्लास्टिकमधे घालून ओला केला, त्यावर चमच्याने एकेक पिल्लू ठेवायचं, दोन सेकंदात आकडा वाचायचा आणि परत पाण्यात. बायको आकडे लिहून घेत होती, विसाव्यानंतर म्हणाली हे लग्नात सांगितलं नव्हतंत.
पहिल्या टाकीतले सगळे २४ ते ३० मिमी मधे. तिसरीतले... सगळ्यात लहान १४ आणि सगळ्यात मोठा ३१! म्हणजे दाट टाकीतला दादा विरळ टाकीतल्या सगळ्यात मोठ्यापेक्षाही मोठा. आणि ते १४ वाले, डोकं मोठं आणि मागे नुसता दोरा, पोट आत गेलेलं, प्रकाशात धरलं की आरपार दिसतं. हे मला टाकीत वरून कधी दिसलेच नव्हते, कारण खायला टाकल्यावर वर येतात ते मोठेच.

बोटुकली
हेच म्हणायचं होतं मला. अन्न कमी पडतं तेव्हा ते सगळ्यांना सारखं कमी पडत नाही. दोन दिवस ज्याला थोडं जास्त मिळालं तो थोडा मोठा होतो, मोठा झाला की अजून पुढे घुसतो, मग त्याला अजून जास्त. तुमच्या तिसऱ्या टाकीतला ३१ वाला राजासारखा जगला, त्याच्यासाठी ती टाकी दाट नव्हतीच. पुढच्या वेळी प्रमाण विचलन (लांबी सरासरीपासून किती पसरलीय तो आकडा) काढा, त्याला सरासरीने भागा आणि १०० नी गुणा. तो आकडा आठवड्याला वाढत गेला तर समजायचं कोणीतरी उपाशी राहतंय, सरासरी वाढत असली तरी. आणि खाद्य एका कोपऱ्यात टाकता का? टाकत असाल तर चारी बाजूंनी पसरून टाका, दोनाऐवजी चार वेळा टाका. एकच कोपरा असला की तिथे दादा लोकांचं राज्य असतं.

खवलेकर
एकाच कोपऱ्यात. जिथे चप्पल काढतो तिथे. :(

जिताडेवाला
वरची सगळी चर्चा वाचून हसू येतंय, तुमचे रोहू बिचारे शाकाहारी सभ्य लोक, फार तर उपाशी मरतात. आमच्या जिताड्याची पोरं एकमेकांना गिळतात. आपल्या लांबीच्या दोन तृतीयांशापर्यंतचा भाऊ गिळू शकतो तो लहानपणी. सकाळी टाकीत बघावं तर एकाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर, ना आत जातेय ना बाहेर येतेय, दोघंही मेलेले. मेलेले मोजायला गेलात तर सापडतच नाहीत कारण ते पोटात असतात, रोज सकाळी तळाशी चार मेलेले दिसतात आणि महिन्याने निम्मे गायब.
आमच्याकडे दाटीपेक्षा प्रतवारी मोठी. दर पाच-सात दिवसांनी चाळणीच्या खोक्यातून काढायचे, लहान वेगळे मधले वेगळे मोठे वेगळे. सारख्या मापाचे असतील तर दाट ठेवले तरी निभतात, मिसळलेले असतील तर विरळ ठेवूनही एकमेकांना शोधून खातात.

निवांत_मासा
म्हणजे विरळ ठेवले की भांडणं कमी असं नाही?

जिताडेवाला
प्रत्येकाचं वेगळं. तिलापिया घ्या, विरळ असले की नर आपापला तुकडा धरून बसतात आणि दुसऱ्याला हाकलत राहतात, दाट केले की राखायला तुकडाच उरत नाही मग राखणदारी मोडते. आफ्रिकन मागूर पण तसाच, दाटीत मारामाऱ्या उलट कमी होतात. थंड पाण्यातला आर्क्टिक चार तर विरळ ठेवला की वाढच नीट होत नाही, तो गर्दीतच खुलतो. त्यामुळे रोहूचा आकडा घेऊन दुसऱ्या माशाला लावणारा माणूस दिसला की मी हात जोडतो.

जाळंपेटी
अवांतर आहे पण सांगतोच. मोजणीवर कोणी बोललंच नाही अजून. एकदा मी संगोपन टाकीत मत्स्यबीज सोडलं, अडीच महिन्यांनी बोटुकली (बोटाएवढी झालेली पिल्लं) काढली, मोजली, जगणूक आली १०४ टक्के.
हो, एकशे चार. सोडले त्यापेक्षा जास्त निघाले. मित्र म्हणाला तिथेच बाळंतपणं झाली की काय.
झालं होतं असं की सोडताना मी एक गाळणी भरून मोजली, मग बाकीच्या गाळण्या मोजून गुणाकार केला. आता चहाची गाळणी बादलीत बुडवली की पहिल्यांदा येतात ते वरचे, मोठे आणि दांडगे, गाळणीत कमी मावतात. शेवटी शेवटी तळाचे बारीक येतात, ते त्याच गाळणीत कितीतरी जास्त मावतात. मी मोजली ती पहिली गाळणी. म्हणजे मला वाटलं तेवढे सोडले, प्रत्यक्षात कितीतरी जास्त गेले होते, आणि मेलेले सगळे त्या फरकात झाकले गेले. तेव्हापासून सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा निदान तीन गाळण्या मोजतो, पाणी पूर्ण निथळू देतो कारण ओल्या गाळणीचं वजन पण खोटं बोलतं.
तर खवलेकर, तुमचे १०,०००-२०,०००-४०,००० हे तुम्ही मोजलेले की पिशवीवर लिहिलेले?

खवलेकर
पिशवीवर लिहिलेले.

जाळंपेटी
झालं मग. :) वाईट वाटून घेऊ नका, पिशवीत सढळ हाताने भरलेले असतात तसेच हात आखडून भरलेले पण असतात. पण दाटीचा अभ्यास करायचा तर पायाचा आकडाच उधारीचा नको.

गणिती_गप्पी
पाल्हाळ होईल पण माझी जुनी तक्रार मांडतो. एका दाटीला एकच टाकी घेतलीत तर तो फरक दाटीचा की टाकीचा हे कळायला मार्गच नाही. तीन टाक्यांवर ऊन सारखं पडतं का? एखादीवर झाडाची सावली असेल? "मी ६० मासे मोजले" म्हणून प्रयोग ६० चा होत नाही, ते साठही जण एकाच पाण्यात होते, तुमच्याकडे आकडा एकच, टाकीचा. परवडत नसेल तर मोठ्या टाकीत लहान लहान हापे बांधा, प्रत्येक दाटीचे तीन-तीन, आणि कुठला कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.

खवलेकर
पहिली टाकी आंब्याखाली आहे. दुपारनंतर सावली. अजून काही राहिलंय का माझं उघडं पडायचं?

गणिती_गप्पी
हलकेच घ्या हो. बऱ्याच जणांची आंब्याखालचीच असते, सांगत कोणी नाही.

खवलेकर (पाच आठवड्यांनी)
धागा वर काढतोय. दुसरी खेप झाली. यावेळी जिरे स्वतः मोजले, तीन वाट्या मोजून सरासरी धरली. खाद्य नगाच्या हिशोबाने, लाखभर जिऱ्यांचं वजन १४० ग्रॅम धरून पहिले ५ दिवस त्याच्या चौपट म्हणजे लाखाला ५६० ग्रॅम, पुढे आठपट. चारी बाजूंनी, दिवसातून चार वेळा. खत अधूनमधून थोडं थोडं, प्लवंग तीन दिवसांनी मोजून.
१२ व्या दिवशी नमुना काढला तर कमाल, तिन्ही टाक्यांत फरक जेमतेम २ मिमीचा. दाट टाकीतले ते दोऱ्यासारखे पण नाहीत. मी उड्या मारायच्या बाकी ठेवल्या होत्या.
१४ व्या दिवशी आभाळ. १५ व्या दिवशी पण आभाळ, वारा पडलेला. १६ व्या दिवशी पहाटे कुत्रं भुंकलं म्हणून उठलो आणि सहज टॉर्च मारली तिसऱ्या टाकीवर. पाण्याची कातडी हलत होती. पाऊस नव्हता, पण पाऊस पडल्यासारखी बारीक बारीक वर्तुळं, कडेकडेने तर नुसती तोंडंच तोंडं, टॉर्च मारल्यावर पण खाली जाईनात. मी पंप लावून नळी उंच धरून पाणी वरून सोडत बसलो उजाडेपर्यंत. शेजारच्या दोन टाक्या शांत.
दाट टाकीतून शेवटी जगले २८ टक्के. पहिल्या खेपेपेक्षाही कमी. आणि जे मेले ते मोठे, चांगले भरलेले. हे का ते सांगा, बारके तग धरून राहिले आणि दांडगे गेले असं का दिसलं? आणि खाद्य पोटभर दिलं ते चुकलं का?

सूक्ष्मदर्शक
वाईट झालं. पण खाद्य दिलंत ते चुकलं नाही. अन्नाची टंचाई होती तोवर टाकीत मासळी मुळात किलोच्या वर जाऊच शकत नव्हती, उपासमारच तुमची राखण करत होती. ती तुम्ही दूर केलीत, मासळी वाढली, आणि मग पुढची भिंत लागली ती प्राणवायूची. ४०,००० जिरे म्हणजे पहिल्या दिवशी सगळे मिळून ५६ ग्रॅम, मूठभर सुद्धा नाही. १६ व्या दिवशी तेच, अर्धे मेले असं धरलं तरी, दोन-अडीच किलो. दाटी तुम्ही एकदा ठरवलीत पण टाकीत ती रोज बदलत होती, सोडायच्या दिवशीचा आकडा माशांनी केव्हाच मागे टाकला होता.
त्यात पिल्लांना ग्रॅममागे प्राणवायू मोठ्या माशांपेक्षा जास्त लागतो, म्हणजे १ किलो पिल्लं आणि १ किलोचा एक मासा यात पिल्लं जास्त श्वास खातात. ३० अंशाच्या पाण्यात काठोकाठ भरला तरी प्राणवायू लिटरला साडेसात मिलीग्रॅमच्या आसपासच मावतो. दिवसा शेवाळ प्राणवायू बनवतं आणि रात्रभर तेच शेवाळ तो खातं, शिवाय तळाचं न खाल्लेलं खाद्य कुजताना खातं ते वेगळं. दोन दिवस आभाळ म्हणजे जमा कमी, खर्च तेवढाच. सगळ्यात कमी प्राणवायू कधी तर दिवस उजाडायच्या जरा आधी, आणि तेव्हाच आपण झोपलेलो असतो.
मोठे आधी गेले याला मला दोन कारणं दिसतात. प्राणवायूअभावी झालेल्या मरतुकीत मोठे आधी जाताना पुष्कळदा दिसतं, बारक्यांना पृष्ठभागालगतच्या पातळ थरातलं पाणी घेणं सोपं जातं. आणि दुसरं, तुम्ही संध्याकाळी पोटभर घातलं असणार, पोट भरलेल्या माशाला पचवायलाच जास्तीचा प्राणवायू लागतो.

खवलेकर
संध्याकाळी सहाला शेवटचं खाद्य होतं, आणि आभाळ असूनही पूर्ण दिलं. :(

त्रैराशिक
आभाळ आलं की खाद्य निम्मं, दोन दिवस आलं तर बंद. उपाशी पिल्लू दोन दिवस जगतं, गुदमरलेलं दोन तास जगत नाही.

बोटुकली
आता हवा सोडायची सोय कराल तर अजून एक पुढची भिंत आत्ताच सांगून ठेवते, अमोनिया. मासे प्रथिनं खातात आणि त्यातला बराचसा नायट्रोजन कल्ल्यांतून अमोनिया म्हणून बाहेर टाकतात. ४० टक्के प्रथिनांचं १ किलो खाद्य म्हणजे साधारण ३५-३७ ग्रॅम अमोनिया असा हिशोब धरतात. हवा सोडून प्राणवायू वाढतो, पण अमोनिया त्याने फारसा जात नाही, म्हणजे ज्याचा जास्त त्रास दिसायचा तो त्रास गेला आणि न दिसणारा राहिला.
आणि यात पीएचचा खेळ आहे. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला विषारी भाग जेमतेम अर्धा टक्का, ८ ला साधारण ५ टक्के, आणि ९ ला एकदम ३६ टक्के. हिरव्यागार टाकीत दुपारी पीएच ९ ला जाणं काही विशेष नाही. म्हणजे बघा, पहाटे प्राणवायूची वेळ वाईट आणि दुपारी तीनला अमोनियाची. सकाळी आठला पाणी तपासून सगळं ठीक म्हणणारे दोन्ही वेळा हुकतात, मी पण वर्षभर हुकले.

तळ्याकाठी
रोगाचं पण जोडा यात. ट्रायकोडिना, डॅक्टिलोगायरस हे परजीवी मधल्या कुठल्या गोगलगायीवाचून थेट एका माशावरून दुसऱ्यावर जातात, त्यांना दाट टाकी म्हणजे भरलेला आठवडी बाजार. पिल्लं भिंतीला अंग घासायला लागली, एका बाजूचा कल्ला उघडा ठेवून पोहायला लागली की चार काढून कल्ले भिंगाखाली बघा. दाटीने रोग जन्मत नाही पण आलेला रोग दोन दिवसांत टाकीभर होतो, आणि कायम ताणाखालचा मासा त्याला तोंड पण देऊ शकत नाही.

निवांत_मासा
एकूण काय, मी बरोबर होतो ना, १०० च ठेवा.

जिताडेवाला
नाही हो! धागा परत पहिल्यापासून वाचा.

जाळंपेटी
उलट मी तर मुद्दाम दाट ठेवतो, ते सांगायचं राहिलंच. पुढच्या हंगामासाठी बीज लागतं तेव्हा बोटुकली दाट ठेवून, अर्धपोटी खायला घालून वर्षभर खुंटवून ठेवायची. दिसायला हातभर वय आणि बोटभर अंग. मग मोठ्या तळ्यात विरळ सोडून पोटभर घातलं की ती अशी झपाट्याने वाढतात की राहिलेली वाढ भरून काढतात, आणि अंगाने निबर असल्यामुळे मरतात पण कमी. फक्त एक आहे, खुंटवणं आणि उपासाने मारणं यात फार अंतर नाही. १४ मिमीचा दोरा झालेलं जिरं खुंटवलेलं नसतं, ते अर्ध मेलेलंच असतं. खुंटवायचं ते बोटुकली झाल्यावर, जिऱ्यांना नाही.

खवलेकर
हे भारी आहे, वाचनखूण साठवली. बरं, मग तिसऱ्या खेपेला मी काय करू? दाट टाकी सोडून द्यावी असं मन होत नाहीये.

त्रैराशिक
सोडू नका. दोन टप्पे करा. जिरे दाटच सोडा, पहिले आठ-नऊ दिवस त्यांचं वजन इतकं कमी असतं की प्राणवायू अडत नाही, अडतं ते प्लवंग, तेवढं सांभाळा. नवव्या-दहाव्या दिवशी हलक्या हाताने काढून अर्धे दुसरीकडे, मग वजन चढायला लागतं तेव्हा दाटी आपोआप निम्मी झालेली असते. काढायचं उन्हाच्या आत, सकाळी, आणि त्या दिवशी खायला नाही. हात लावताना काही मरतील, ते धरूनच हिशोब करा, नाहीतर परत धागा काढाल जगणूक का घटली म्हणून.

बोटुकली
आणि एक ब्लोअर. आणि एक प्राणवायूचा मीटर. आकडा जिऱ्यांचा नाही, पहाटे साडेचारचा लिहून ठेवायचा, रोज. आकडा लिटरला ४ मिलीग्रॅमच्या खाली उतरायला लागला की तुमची टाकी भरली, मग त्यात १०,००० असोत की ४०,०००.

खवलेकर (सतरा दिवसांनी, पहाटे ४.३५)
तिसरी खेप, १३ वा दिवस. नवव्या दिवशी अर्धे हलवले, मेले पण फार नाहीत. आत्ता टॉर्च आणि मीटर घेऊन दाट टाकीवर उभा आहे. काल दुपारपासून आभाळ, खाद्य निम्मंच दिलं. वर कोणी नाही, पाणी शांत, कडेला थोडी पिल्लं दिसतायत पण टॉर्च मारली की खाली जातात. मीटर ३.८ दाखवतोय. ब्लोअर सध्या बंद आहे, उगाच रात्रभर कशाला म्हणून. तासाभराने परत बघतो.

बोटुकली (पहाटे ४.३९)
तासाभराने नाही, आत्ता चालू करा. अजून उजाडायला वेळ आहे, तो आकडा खालीच जाणार.

खवलेकर (पहाटे ४.४१)
केला. तुम्ही काय करताय एवढ्या पहाटे?

बोटुकली (पहाटे ४.४२)
माझ्याकडे पण आभाळ आहे.